सोलापुरात ऑटिझम असलेल्या मुलांसाठी आर्ट कॅम्प कसा सुरू करायचा (कॅम्प घेऊ पाहणाऱ्या दहावी-अकरावीच्या मुलामुलींसाठी)

दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये संपतो आणि अकरावीचं कॉलेज सुरू व्हायला जून-जुलै उजाडतो, मधले सगळे दिवस मोकळे. मी त्याच सुट्टीत पहिला कॅम्प घेतला. माझा धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे, मराठीत स्वमग्न म्हणतात, आता अकरा वर्षांचा आहे, त्याला कुठल्याच उन्हाळी शिबिरात घेत नव्हते, म्हणजे तोंडावर कोणी नाही म्हणत नाही, सीट फुल झाल्या म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी आमच्याच बिल्डिंगमधल्या मुलीला तिथे ॲडमिशन मिळते. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा आई रिक्षात घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग मी म्हटलं मीच घेते. आतापर्यंत तीन झालेत, पहिला फसला, पुढचे दोन चांगले झाले, आणि फरक कशामुळे पडला ते मला आता नीट कळलंय म्हणून लिहितेय.

पहिल्यात मी काय केलं तर एका कार्यालयाचा मोठा हॉल फुकट मिळाला म्हणून घेतला, पंधरा मुलं बोलावली, पाहुणे बोलावले, शाल-नारळ, माईक, सगळं. माईक चालू केल्याबरोबर तो कुईई करून किंचाळला. एक मुलगा कान दाबून खाली बसला आणि स्वतःच्याच मनगटाला चावायला लागला, त्याला बघून दुसरी मुलगी रडायला लागली, चाळीस मिनिटांत अर्धे लोक घरी गेले आणि रंगाच्या बाटल्यांची झाकणंसुद्धा उघडली गेली नव्हती. त्या मुलाची आई जाताना मला सॉरी म्हणाली. ती मला सॉरी म्हणाली हे अजून मनात आहे, कारण चूक पूर्ण माझी होती. मी त्या पंधरापैकी एकाच्याही घरी आधी गेले नव्हते.

तर सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, कॅम्पच्या आधी प्रत्येक मुलाच्या घरी जायचं. फोनवर नाही, गूगल फॉर्म पाठवून नाही, घरी. अर्धा तास बसायचं, मुलाच्या मागे मागे करायचं नाही, त्याच्या आईशी बोलायचं आणि त्याला तुम्हाला लांबून बघू द्यायचं. घरोघरी जायचं म्हटलं की आपोआप संख्या कमी होते आणि ती कमीच पाहिजे. सहा मुलं घ्या, पाच दिवस, रोज दीड तास, यापेक्षा जास्त पहिल्या वेळी नको. लोक म्हणतील एवढंच का, नाव होईल असं करा, हुतात्मा स्मृती मंदिरात कार्यक्रम ठेवा. हो हो म्हणायचं आणि सहाच घ्यायची.

घरी गेल्यावर काय विचारायचं ते वहीत लिहून न्या. घरात कुठली भाषा बोलता हे पहिलं विचारा, आपल्या सोलापुरात हे फार गरजेचं आहे. दुसऱ्या कॅम्पला एक सात वर्षांचा मुलगा होता, घरात तेलुगू, बोलायचा अगदी दोन-चार शब्द. तो सारखं नीळ्ळु नीळ्ळु म्हणत होता आणि माझी मैत्रीण त्याच्यापुढे निळा रंग सरकवत होती, तो डिश ढकलायचा, ती परत सरकवायची, असं तीनदा झालं आणि तो जमिनीवर आडवा पडला. त्याला पाणी पाहिजे होतं. नीळ्ळु म्हणजे तेलुगूत पाणी, मला ते माहिती आहे, पण मी तेव्हा बाहेर चपला लावत होते. आता प्रत्येक मुलाचे पाच शब्द आम्ही त्याच्या घरच्या भाषेत लिहून घेतो, पाणी, शू, नको, दुखतंय, घरी जायचं. तेलुगू, कन्नड, उर्दू, काय असेल ते. जी मुलं बोलतच नाहीत ती हे कसं सांगतात तेही लिहायचं, कोणी हात धरून ओढतं, कोणी चित्राचं कार्ड दाखवतं, कोणी टॅबवर बटण दाबतं, तो टॅब कॅम्पलाही आणायला सांगा, तो त्याचा आवाज आहे, खेळणं म्हणून काढून घ्यायचा नाही.

मग हे विचारा. कुठला आवाज सहन होत नाही. काय तोंडात घालतो. पळून जातो का आणि कुठे जातो. चिडला की घरी काय करता. काय अतिशय आवडतं. आणि फिट येते का, औषध चालू आहे का. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये फिट्सचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं, म्हणून हे लाजायचं नाही, सरळ विचारायचं. फिट आलीच तर मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूच्या वस्तू बाजूला, तोंडात चमचा, पाणी काही घालायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८ ला फोन करून दवाखान्यात. हे सगळ्या मदतनीसांना आधी पाठ असलं पाहिजे.

आता मोठ्या माणसाचं. आपण १८ च्या आत आहोत, आपली सही कशावर चालत नाही, जबाबदारी कायद्याने आपल्याला घेता येत नाही, त्यामुळे पाचही दिवस पूर्ण वेळ हजर राहणारं एक मोठं माणूस पाहिजेच, आणि शक्यतो स्पेशल एज्युकेटर, म्हणजे अशा मुलांना शिकवणारे शिक्षक, किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून थेरपी देणारे. मी भावाच्या थेरपीच्या मॅडमना विचारलं, त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत, आधी तीन शनिवार माझ्या सेंटरला येऊन नुसती बस म्हणाल्या. ते तीन शनिवार मला सगळ्यात जास्त उपयोगी पडले. तुम्हीही विचारा, आणि बसा. अजून एक नियम पक्का, कुठलंही मूल एका मदतनीसाबरोबर बंद खोलीत एकटं राहणार नाही, बाथरूमला त्याच्या घरचंच माणूस नेणार, आणि फोटो पालकांनी लिहून दिल्याशिवाय नाही. लिहून दिलं तरी रडतानाचा फोटो-व्हिडिओ कधीच नाही.

आणि या कॅम्पला थेरपी म्हणायचं नाही. या आईवडिलांना कोण कोण काय काय विकत असतं तुम्हाला कल्पना नाही, महिनाभरात बोलायला लावतो, मुळापासून बरं करतो. ऑटिझम हा आजार नाही की बरा होईल, मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. त्यामुळे मेसेजमध्ये आम्ही एवढंच लिहितो, "पाच दिवस रंग, धागे आणि कणकेशी खेळायचं आहे. मूल बसलं तर छान, नाही बसलं तरी चालेल, मधेच घरी नेलं तरी चालेल." यावर एका बाबांचा रिप्लाय आला होता, खरंच चालेल का. खरंच चालेल लिहिलं मी.

जागा आणि वेळ. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो, दहानंतर मुलं बाहेर काढणंच चूक आहे, सकाळी ८ ते ९:३० घ्या. मोठा हॉल नको, आवाज घुमतो. शाळेचा एक वर्ग, सोसायटीची खोली, कोणाच्या घराचा खालचा मजला, असं काहीतरी, एकच दार असलेलं आणि त्या दाराला वरून कडी. तारीख ठरवताना लग्नाच्या तिथी बघा. मेमध्ये वरात आणि डीजे खिडकीखालून गेला तर दिवस गेला. १४ एप्रिलच्या आसपास मिरवणुका असतात, त्याही बघा. दिवाळीच्या सुट्टीत करायचं तर फटाके असतात, गणपतीत लेझीम-ढोल, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेची गडबड, म्हणजे आपल्या गावात शांत आठवडा शोधावा लागतो पण सापडतो. तलावाजवळ मात्र अजिबात नको, कंबर तलाव असो की सिद्धेश्वर तलाव, कितीही गार आणि छान वाटलं तरी. यातली बरीच मुलं हात सोडून अचानक निघतात आणि पाण्याकडे ओढ असते त्यांना. आणि नळाला पाणी रोज येत नाही ते धरून चाला, आदल्या दिवशी एक पिंप भरून ठेवा, कारण कितीतरी मुलांना हाताला रंग लागलेला एक मिनिट सहन होत नाही, धुवायला पाणी हाताशी नसेल तर तिथेच सगळं बिघडतं.

आवाजाचं एक समजून घ्या. सगळे समजतात ऑटिझम म्हणजे मोठा आवाज नको. माझ्या भावाला मिक्सर चालत नाही, कुकरची शिट्टी चालत नाही, पण अशोक चौकाकडे आमच्या काकांकडे गेलो की शेजारच्या कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून तो अर्धा अर्धा तास बसतो, आत यंत्रमाग खटाक खटाक खटाक चालू, मला तिथे बोललेलं ऐकू येत नाही आणि तो एकदम शांत. कारण माग एका ठोक्यात चालतो, पुढचा आवाज कधी येणार ते त्याला माहिती असतं. शिट्टी कधी येईल सांगता येत नाही. कॅम्पचं सगळं गणित यात आलं बघा, मुलाला पुढे काय होणार ते माहिती पाहिजे.

म्हणून चित्रांचा तक्ता करायचा. नेटवरची चित्रं नकोत, खऱ्या जागेचे फोटो काढा, गेट, चपलांची जागा, टेबल, धाग्यांची टोपली, हात धुवायची बादली, घरी जायचं दार. झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत प्रिंट, लॅमिनेशन, मागे वेलक्रोचा तुकडा, वेलक्रो नव्या पेठेत शिलाईच्या सामानाच्या दुकानात मिळतो. फोटो ओळीने पट्टीवर लावायचे, एक काम झालं की मुलाने तो फोटो काढून डब्यात टाकायचा. काही मुलांना एवढी लांब पट्टी जड जाते, त्यांना दोनच कार्ड, आधी हे मग ते. हेच फोटो चार दिवस आधी आईला व्हॉट्सॲप करा, रोज रात्री दाखवायला सांगा. पहिल्या दिवशी एक मुलगी गेटवर आली, गेटकडे बघितलं, मग आईच्या मोबाईलकडे बघितलं आणि सरळ आत चालत आली. तिची आईच मागे उभी राहिली. आणि आज काही बदल असेल, म्हणजे ताई येणार नाही, टेबल हलवलंय, तर तोही सकाळी फोटोने सांगायचा, लपवून ठेवायचं नाही.

मदतनीस म्हणून मित्रमैत्रिणी घ्या, एका मुलामागे एक, पाचही दिवस तोच. बदलायचा नाही. सर्टिफिकेटसाठी खूप जण येतात, त्यात वाईट काही नाही, पण सरावाचे तीन दिवस जो पूर्ण येईल त्यालाच घ्या. सरावात शिकवायचं ते थोडंच आहे पण अवघड आहे. वाक्य छोटं बोला, "आता रंग" एवढंच, "चल बाळा आता आपण छान छान चित्र काढूया का" नको. एकदा बोललं की मनात दहा आकडे मोजा, मग परत बोला, त्याला ऐकून उत्तर काढायला वेळ लागतो आणि मधेच तुम्ही दुसरं काही बोललात की त्याचं पहिल्यापासून सुरू. माझ्याकडे बघ म्हणायचं नाही, बरीच मुलं न बघताच नीट ऐकतात. मागून हात लावायचा नाही. हात हलवणं, डुलणं, तोच शब्द परत परत म्हणणं थांबवायचं नाही, त्याने तो स्वतःला सावरत असतो, स्वतःला लागेल असं काही करत असेल तेवढंच मॅडमना सांगायचं. आणि मूल समोर असताना त्याच्याबद्दल तो ऐकत नाही असं धरून बोलायचं नाही, ही चूक मोठी माणसंही रोज करतात.

आता सामान, माझा आवडता भाग. महागडे रंग नकोत. आपलं गाव धाग्यांचं आहे, टॉवेलच्या कारखान्यात जाऊन मागितलं तर उरलेल्या कांड्या, रंगीत धाग्यांचे गुंते, काठाच्या पट्ट्या पोतंभर मिळतात, बहुतेक फुकट. माझे आजोबा माग चालवायचे, त्यांनीच मला पुठ्ठ्याचा माग करायला शिकवला. वहीएवढा जाड पुठ्ठा घ्या, वर आणि खाली एक एक सेंटिमीटरवर काप द्या, दहा-बारा, त्यातून जाड सुताचे उभे धागे ताणून घ्या, हा झाला ताणा. आता टॉवेलची पट्टी बोटभर रुंद कापायची, तिच्या टोकाला सेलोटेप गुंडाळायचा म्हणजे ती ताठ होते, सुई लागत नाही, हाच धोटा, मागावर आडवा धागा नेतो तो. एक धाग्याखालून, एक वरून. पहिल्या दोन ओळी मदतनीसाने घालायच्या, शेवटचा एक धागा मुलाला ओढू द्यायचा. हळूहळू त्याच्याकडे जास्त. वर खाली वर खाली, ठोका एकच, त्यामुळे ज्या मुलांना कागदावर मोकळं काहीतरी काढ म्हटलं की घाबरायला होतं ती यात रमतात. उभे धागे एक सोडून एक पांढरे-काळे घेतले तर कुठला वर कुठला खाली ते दिसतं, ही आजोबांची युक्ती. धागा गळ्याभोवती-बोटाभोवती गुंडाळण्याची सवय असलेली मुलं असतात, त्यांना लांब धागा द्यायचा नाही, वीतभराचे तुकडे द्या.

कणकेचं. नेटवर मैदा-मिठाची रेसिपी सगळीकडे आहे, दोन वाट्या मैद्याला एक वाटी मीठ. ज्या मुलांना वस्तू तोंडात घालायची सवय आहे त्यांच्यासाठी ती नकोच, एवढं मीठ पोटात जाणं धोक्याचं असतं. साधी पोळीची कणीक मळा, थोडं तेल जास्त, हळद घातली की पिवळी, बीटचं पाणी घातलं की गुलाबी, रोज ताजी. मणी, टिकल्या, छोटी बटणं अशा मुलांच्या टेबलवर ठेवायचीच नाहीत. रंगाला हात लावायला नको म्हणणाऱ्यांसाठी रंग झिपच्या पिशवीत भरून कडा टेपने बंद करा, वरून बोटाने दाबायचं, हात कोरडा राहतो. ब्रश, भेंडीचा ठसा, स्पंजचा तुकडा हे सगळं शेजारी ठेवा आणि तो काय उचलतो ते बघा. वासाचं पण लक्षात ठेवा, ऑइल पेंट, फेविक्विक, उदबत्ती, स्वतःचं परफ्यूम, काही नको.

सगळ्यांनी एकच चित्र काढायचं असं करू नका. माझ्याकडची एक मुलगी चार दिवस एकही टाका विणली नाही, दाराजवळ बसून धागे रंगाप्रमाणे वेगळे करत होती, लाल, गडद लाल, विटकरी, मग भगवा. मैत्रीण म्हणाली ही काहीच करायलेली नाही. मी जवळ जाऊन बघितलं तर सतरा छटा होत्या ओळीने, मला त्यातल्या दोन एकच वाटत होत्या, तिने उजेडात धरल्या तेव्हा फरक दिसला. मग आम्ही तिच्या ओळी तशाच पुठ्ठ्यावर चिकटवून दिल्या, तिच्यासमोर, तिने हो म्हटल्यावर. हो म्हणजे तिने पुठ्ठा माझ्याकडे सरकवला.

खाऊ वाटू नका. काही मुलं एकाच कंपनीचं एकच बिस्किट खातात, काहींचं पथ्य असतं. घरून डबा आणू द्या. हे केलंस तर चॉकलेट, असंही नको, धागा आवडला तर तो विणेल.

इतकं करूनही एखाद्या दिवशी मूल कोसळतं, म्हणजे सगळं असह्य होऊन त्याचा ताबा सुटतो, याला मेल्टडाऊन म्हणतात. त्याला हट्ट समजू नका. हट्टात मूल मधे मधे बघतं आपल्याकडे कोणी बघतंय का, मेल्टडाऊनमध्ये त्याला कोणीच दिसत नसतं. तेव्हा बोलणं बंद, एकच माणूस जवळ, तोही दोन हात लांब, बाकीच्यांना दुसऱ्या कोपऱ्यात, ट्यूबलाइट बंद, मोबाईल खिशात. लागेल असं काही असेल तर ते बाजूला, आणि थांबायचं. वीस मिनिटं लागू देत. आम्ही कोपऱ्यात टेबलावर दोन जुन्या सोलापुरी चादरी टाकून तंबू करतो, आत एक उशी, बाजू उघडी, हवा येते. पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाखवायचा, चिडल्यावर नाही. तिथे शिक्षा म्हणून कोणाला बसवायचं नाही, ज्याला जायचं तो जातो. चादरीचं वजन काही मुलांना फार बरं वाटतं, माझा भाऊ पायावर घेऊन बसतो, पण त्याने स्वतः ओढून घेतली तरच, जबरदस्तीने गुंडाळायची नाही आणि तोंडावर येऊ द्यायची नाही.

पालकांसाठी बाहेर सतरंजी टाका, माठ ठेवा. आम्ही काहीच कार्यक्रम ठेवला नव्हता तरी त्या दीड तासात आयांनी एकमेकींना एवढं सांगितलं, कुठले डॉक्टर नीट ऐकतात, कुठली शाळा घेते. अपंग प्रमाणपत्राचं बऱ्याच जणींना माहिती नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम स्वतंत्र प्रकार म्हणून आलाय, १९९५ च्या जुन्या कायद्यात तो नव्हताच, त्यामुळे आधी नाही म्हणून सांगितलेल्यांनी परत अर्ज करावा, ऑनलाइन यूडीआयडीला, म्हणजे सरकारच्या दिव्यांग ओळखपत्राच्या साइटवर, अर्ज आणि मग सरकारी दवाखान्यात तपासणी. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय म्हणून आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतची, त्यात थेरपीचा खर्चही काही प्रमाणात बसतो. दोन कागद प्रिंट काढून सतरंजीवर ठेवा, एवढं पुरे.

पैशाचं म्हणाल तर धागे फुकट, जागा फुकट, लॅमिनेशन, कागद, रंग धरून तीन हजारांच्या आत झालं, ते मी वाढदिवसाच्या पैशातून आणि मामाकडून घेतले. फी घेऊ नका पहिल्यांदा.

शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभ नाही, स्टेज नाही. वर्गात दोरी बांधा, चिमट्याने सगळ्यांचं काम लावा, पालकांना दोन-दोन कुटुंब असं पंधरा मिनिटांच्या अंतराने बोलवा. टाळ्या नको हे आधीच सांगा. नीळ्ळुवाल्या मुलाची अव्वा, म्हणजे आजी, आली होती, तिने त्याची विणलेली पट्टी उलटी करून मागची बाजू बघितली, मागवाल्यांच्या घरचं कोणीही तसंच बघतं, आणि एक टाका सुटला होता तो बोटाने त्याला दाखवला. त्याने तिथेच बसून तो घातला.

मग त्याच दिवशी संध्याकाळी, थकलेलं असलं तरी, वही काढायची आणि प्रत्येक मुलामागे एक पान लिहायचं. काय चाललं, काय नाही. दुसऱ्या दिवशी विसरायला होतं. माझ्या वहीतलं एक पान असं आहे, "पंखा तीनवर नको, दोनवर. खिडकीकडे पाठ करून बसवायचं. निळी कात्री दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. जाताना बाय म्हणत नाही, दाराला दोनदा हात लावतो, तेवढं थांबायचं."